पंधराव्या वर्षी संपणारं गाव

आमच्या गावात म्हातारी माणसं नव्हती. सोळा-सतरा वर्षांची मुलंही नव्हती. बाबागाडीतली बाळं होती, सायकलवर भिरभिरणारी शाळकरी पोरं होती, आणि मग एकदम नोकरीवाले बाप आणि त्यांच्या बायका. मधलं एक अख्खं वय कुणीतरी कात्रीने कापून नेल्यासारखं. मी तिथे राहायला गेले तेव्हा हे माझ्या लक्षातही आलं नाही. माझं सगळं लक्ष हिरवळीकडे होतं.

सौदीचा पूर्व किनारा. वारा सुटला की दाताखाली वाळू करकरते असा मुलूख. आणि तिथे कुंपणाच्या आत प्रत्येक घरापुढे हिरवीगार लॉन! तेल शोधायला आलेले अमेरिकन साहेब आधी तंबूत राहिले म्हणे, मग पत्र्याच्या खोल्यांत. मग त्यांच्या बायका आल्या. त्या म्हणाल्या असतील, ‘या वाळूत आम्ही राहणार नाही.’ बायकांनी म्हटलं म्हणजे झालंच. मग साहेबांनी आपल्या देशात शहराबाहेर जशी गावं असतात तसंच गाव इथे आणून ठेवलं. बुटकी घरं, त्यांना उतरती छपरं. पाऊस वर्षातून दोन शिंतोडे, पण छप्पर उतरतं! दोन घरांच्या मध्ये भिंती नाहीत. रस्ते उगाचच वळणं घेणारे. गल्ल्यांना नावं अशा झाडांची की ती झाडं तिथल्या उंटांच्या बापजाद्यांनी पाहिलेली नसणार. मधोमध शाळा, पोहण्याचा तलाव, वाचनालय आणि कंपनीचं किराणा दुकान. कुंपणाबाहेर वाळू, आणि दूर रिफायनरीच्या उंच चिमणीवर अखंड पेटलेली ज्योत. आम्ही सगळे त्याला ‘कॅम्प’ म्हणायचो. राहणारे बिऱ्हाडकरू, म्हणून कॅम्प. पण दिसायला पक्कं गाव.

कंपनीने भारतीय इंजिनियर घ्यायला सुरुवात केली तेव्हा हे लागले. मागोमाग सहा वर्षांच्या मुलाचं बखोट धरून मी नाशिकहून आले. माझ्या सामानात कुकर, खलबत्ता आणि पुरणयंत्र होतं, आणि डोक्यात दुसऱ्या कशालाच जागा नव्हती. लॉन पाहून मी ह्यांना म्हटलं, “अहो, एवढी ऐसपैस जागा, असं कडकडीत ऊन, आणि एकाही बाईने काही वाळत घातलेलं नाही! काय आळशी बायका!”

दुसऱ्याच आठवड्यात मी गव्हाचा चीक शिजवला, लॉनवर जुनं पातळ अंथरलं आणि कुरडया घातल्या. काय सुरेख दिसत होत्या! चार वाजता जमिनीतून फस्सकन आवाज आला आणि गवतात लपलेले फवारे सुरू झाले. मी किंचाळत धावले. समोरची अमेरिकन बाई धावली. दोघी चिंब. पातळावर कुरडयांची खळ झालेली. ती बाई गंभीर चेहऱ्याने मला म्हणाली, “तुमची पूजा मोडली का? फार वाईट झालं.” आणि तिने हात जोडले. मीही जोडले. दुसरं काय करणार? माझी पूजा मोडली होती हे खरंच होतं.

अशी मी. तेव्हाची मी आज समोर आली तर तिला आधी दोन घास जेवू घालीन आणि मग कान पिळीन.

मुलाच्या शाळेचं तसंच. भारतीय मुलांची शाळा कुंपणाबाहेर होती, बस न्यायची. बारावीपर्यंत. वर्गात गर्दी, मैदानात फुफाटा. कुंपणाच्या आत कंपनीची शाळा. अमेरिकन बाई शिकवायच्या, मैदानावर गवत, प्रत्येक पोराला पुस्तकं ठेवायला स्वतःचं कपाट. पण नववीपर्यंतच. पुढचे वर्गच नव्हते. अमेरिकन लोक नववी झाली की पोरांना मायदेशी वसतिगृहाच्या शाळेत धाडत, खर्चाचा मोठा वाटा कंपनी उचले. सुरुवातीपासून तशीच रीत पडून गेलेली. त्यात कुणाला वावगं वाटत नसे.

हे म्हणाले, “बाहेरची शाळा बरी. आपल्या अभ्यासक्रमाची आहे. नववीनंतर काय करशील?”

“नववी यायला किती वेळ आहे अहो!” मी म्हटलं. “आणि ते कपाट पाहिलंत का? त्याला आकड्यांचं कुलूप आहे!”

कुलपासाठी मी पोराची शाळा ठरवली. नाशिकच्या प्रत्येक पत्रात मी त्या कपाटाचं वर्णन केलं. सासूबाईंना वाटलं, नातू तिजोरीत काम करतो.

आणि खरं सांगायचं तर पोरगा तिथे फुलला. सायकलवर दिवसभर बाहेर. कुलूप न लावलेली घरं, कुणाच्याही स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यावं. ऑक्टोबरच्या अखेरीस पोरं भुतं होऊन दारोदार गोळ्या मागायची. माझ्या दारी आलेल्या भुतांना मी पहिल्या वर्षी बेसनाचे लाडू दिले. सकाळी सगळे लाडू समोरच्या गवतात, आणि कॅम्पातली मांजरं तृप्त. पोरगा म्हणाला, “ममी, प्लीज, नेक्स्ट इयर चॉकलेट.” तोपर्यंत मी ‘आई’ची ‘ममी’ झाले होते, तेही मला फार झोकदार वाटत होतं.

गाडी चालवायलाही मी तिथेच शिकले. कुंपणाच्या आत बायकांना चालवता यायची, बाहेर नाही. म्हणून फाटक आलं की मी उतरायची, वळसा घालून जागा बदलायची, हे चाकामागे बसायचे आणि मग आम्ही जवळच्या दम्माम शहरात जायचो. येताना पुन्हा अदलाबदल. आत आले की मी गॉगल लावायची. हे हसायचे. “आली राणी आपल्या राज्यात.”

त्या राज्यात घरं मिळायची गुणांवर. नोकरीची वर्षं, हुद्दा, याचे गुण साठत जायचे. मोठं घर रिकामं झालं की ज्याचे गुण जास्त, त्याला ते. आपल्याकडे पत्रिकेचे गुण मोजतात तसे आम्ही बायका एकमेकींच्या नवऱ्यांचे गुण मोजायचो. जुनं घर सोडताना होतं तसं परत करायचं, भिंतीवरचे खिळे उपटून, भोकं बुजवून, कंपनीच्या पांढऱ्या रंगात. आपण तिथे राहिलो होतो याची खूण म्हणून काही उरायचं नाही. आम्ही तर स्वच्छतेचं कौतुकच करायचो.

आणि नववी आली. वेळ आहे, वेळ आहे म्हणता म्हणता आली.

बाहेरच्या शाळेत तो आता जाऊ शकत नव्हता. हिंदी येत नव्हतं, तिथलं गणित वेगळं, आणि नाशिकला पाठवावं तर तो मराठी वाचतानाही अडखळायचा. म्हणून अमेरिका. कॅम्पातली सगळी पोरं त्याच उन्हाळ्यात निघाली. तिथली एक रीत होती. जाणारी मुलं आपली सायकल लॉनच्या कडेला रस्त्यालगत ठेवायची, हँडलला ‘घेऊन जा’ असा कागद बांधून. कुणीतरी धाकटा न्यायचा. त्या दिवसांत रस्त्याने चाललं की घरोघरी अशा सायकली उभ्या दिसायच्या. आम्ही म्हणायचो, किती छान रीत आहे!

विमानतळावर मी त्याला सूचना देत होते. बनियन रोज बदल, थंडीत कान झाक, गोमांस ताटात आलं तर काय सांगायचं. तो ‘यॅ, यॅ’ म्हणत होता. मग मला रडू कोसळलं आणि मी पदरात तोंड खुपसलं. तोंड बाहेर काढलं तेव्हा तो गेलेला होता.

त्याच हिवाळ्यात आमचे गुण भरले. मोठं घर मिळालं, तलावाजवळच्या गल्लीत. काय माझा आनंद! त्याची खोली मी अशी सजवली की बघत राहावं. नवा पलंग, नवे पडदे, भिंतीवर गाड्यांची चित्रं. फोनवर तीन-तीनदा पत्ता सांगितला. नाताळच्या सुट्टीत सगळ्या मुलांना विमानतळावरून कंपनीची बस आणायची आणि चौकात सोडायची, तिथून नवं घर हाकेच्या अंतरावर. हे कामावर. मी दारात उभी. बस आली, पोरं आपापल्या घरी पांगली, माझ्या पोराचा पत्ता नाही. मग फोन वाजला. आमच्या जुन्या घरात नव्याने आलेली बाई बोलत होती. “तुमचा मुलगा आमच्याकडे बसलाय.”

मी हसत हसत आणायला गेले. पुढे कितीतरी वर्षं हा आमचा घरचा विनोद होता. सणावाराला, पाहुण्यांसमोर मी तो रंगवून सांगायची. “अमेरिकेहून नीट आला हो, आणि गल्ली चुकला आमचा गाढव!” सगळे हसायचे. तोही हसायचा.

नंतरचं थोडक्यात. तो तिकडेच शिकला. मधे कधीतरी मी ‘ममी’ची पुन्हा ‘आई’ झाले. ह्यांची साठी आली, खलास, कॅम्पातल्या प्रत्येकासारखे आम्हीही घर पांढरं करून परत दिलं आणि नाशिकला आलो. हे आता नाहीत. आणि मुलगा जगभर कुठेही नोकरी मिळाली असती तरी त्याच कंपनीत, त्याच कॅम्पात परत गेला. आम्ही राहायचो तिथून दोन गल्ल्या पलीकडे. तिथे त्याने संसार मांडला, तिथेच माझी नात झाली.

यंदा मी व्हिजिट व्हिसावर तिच्याकडे गेले. व्हिसा एकदा वाढवूनही घेतला. निमित्त आंब्याचं, लोणच्याचं. खरं कारण एकच. नातीची नववी संपत होती.

आता काळ बदललाय ना! पूर्वी फाटकाबाहेर वाळू होती, तिथे आता कॉफीची दुकानं, दवाखाने, नवी घरं, सहापदरी रस्ता. अमेरिकन पद्धतीच्या बारावीपर्यंतच्या शाळा दम्माम-खोबरला चिकार. सून स्वतः गाडी घेऊन फाटकातून बाहेर पडते. पहिल्यांदा तिच्याबरोबर निघाले तेव्हा फाटक आल्याबरोबर मी पट्टा सोडून दार उघडलं.

“आई! कुठे निघालात?”

“अगं, जागा बदलायला.”

ती इतकी हसली की पहारेकरी वाकून बघायला लागला.

तर पोरीला घरी ठेवून शिकवणं आता अशक्य नव्हतं. रोज सकाळी नेऊन सोडायची, दुपारी आणायची. सून तयार होती. मुलगा नव्हता.

“मी गेलो होतो की, आई. काय झालं मला?”

काय झालं त्याला? काहीच नाही. चांगला शिकला, चांगला कमावतो, माझं सगळं करतो. फक्त कुणाकडे काही मागत नाही. ताप आला तर खोलीचं दार लावून घेतो आणि बरा झाल्यावर बाहेर येतो. त्याच्या बायकोने मला एकदा विचारलं होतं, “लहानपणापासून असेच का हो हे?” मी म्हटलं, हो. पण ते खरं नव्हतं.

नातीने सायकल लॉनच्या कडेला नेऊन ठेवली, हँडलला कागद बांधून. रीत अजून चालू आहे. मी दुपारी सगळे झोपले की ती सायकल ढकलत आत आणून गाडीच्या छपराखाली लावायची. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बाहेर. मी पुन्हा आत. नातीचं बोलणं म्हणजे मराठी, हिंदी, इंग्रजीची भेळ.

“आजी, मेरी साइकल फिर अंदर किसने रखी?”

“वाऱ्याने.”

“वारा कागदपण फाडतो?”

“इथला वारा फार वाईट बाई.”

ती माझ्याकडे कमरेवर हात ठेवून बघत राहिली. थेट मीच. मग तिने सायकलला साखळीच लावली, दिव्याच्या खांबाला. हरले.

एका शुक्रवारी दुपारी मुलगा म्हणाला, “चल, तुला गंमत दाखवतो.” गाडी आमच्या जुन्या गल्लीत नेली. ती गल्ली आता पाडताहेत. बुटकी घरं जाऊन दुमजली येणार आहेत. हिरव्या पत्र्यांचं कुंपण घातलेलं, मध्ये फट. फटीतून आमचं पहिलं घर दिसलं, अर्धं. न्हाणीघराच्या निळ्या फरश्या उघड्यावर आलेल्या. माझी न्हाणी चारचौघांत अशी उघडी पडलेली बघून मलाच संकोचल्यासारखं झालं. म्हणून मी जुना विनोद काढला.

“इथेच ना रे, गल्ली चुकून येऊन बसला होतास!”

त्याने गाडी बंद केली नाही. एसी घुरघुरत होता.

“चुकलो नव्हतो, आई.”

“म्हणजे?”

“पत्ता माहीत होता मला. लिहून खिशात ठेवला होता.”

“मग इथे कशाला आलास?”

“खोली बघायची होती.” तो फटीकडे बघत होता. “त्या बाईने दाखवली. तिथे त्यांच्या बाळाचा पाळणा होता. मग तिने सरबत दिलं. मी पीत होतो, तेवढ्यात तू आलीस. हसत हसत.”

इतकी वर्षं मी ती गोष्ट सांगत आले, त्याच्यादेखत, हातवारे करून. त्याने एकदाही ती दुरुस्त केली नाही.

“आणि तरी पोरीला पाठवतोस?” मी शेवटी म्हटलं.

“मला दुसरं काही येत नाही, आई.” तो अगदी साधेपणाने म्हणाला, गाडीचं काहीतरी बिघडलंय असं सांगावं तसं. “सोळा वर्षांचं मूल घरात असतं तेव्हा आईबाप काय करतात? काय बोलतात त्याच्याशी? मी पाहिलेलंच नाही. इथे कुणाच्याच घरी पाहिलं नाही.”

“मी तरी कुठे पाहिलंय,” मी म्हटलं. “ठेवून घे. शिकू. मी आहे अजून.”

“तुझा व्हिसा संपतोय,” तो म्हणाला आणि मग त्यालाच हसू आलं, मलाही. गाडी मागे घेताना म्हणाला, “तिला विचार. ती राहते म्हणाली तर मी ठेवतो. शप्पथ.”

मी तडक घरी आले. नात पलंगावर कपड्यांच्या ढिगात बसली होती. मी तिला शाळांची नावं सांगितली, सून नेईल म्हणाले, बाप तयार आहे म्हणाले. तिने नीट ऐकून घेतलं. ही माझ्यासारखी नाही, ऐकते.

“आजी, बट हू विल बी हिअर?” तिने बोटांवर मैत्रिणी मोजल्या. एक कॅनडाला, दोघी अमेरिकेला, एक इंग्लंडला. “सगळे जाणार. तलावावर छोटी मुलं असणार आणि मी. मी एकटी काय करू इथे? भूत बनके घूमूँ?”

बिचारं पोर खरं बोलत होतं. ते गावच तिला सोडून चाललं होतं. घर उघडं ठेवून आम्ही तिला थांबवू बघत होतो, आणि थांबून भेटायला तिच्या वयाचं तिथे कुणी उरणार नव्हतं.

ती कपडे घड्या करायला लागली. मीही बसले, मोजे जोडीला जोडी लावत. एका शर्टाची घडी घालता घालता तिने विचारलं, “बाबा रोया था? जाताना?”

“ठाऊक नाही ग.”

“तू होतीस ना तिथे?”

“होते. पण मीच रडत होते. पदर डोळ्यांवर होता. मला काही दिसलंच नाही.”

तिने हातातला शर्ट खाली ठेवला. “मग माझ्या वेळी तू रडायचं नाहीस, आजी. तू बघ माझ्याकडे. पूरा टाइम. प्रॉमिस?”

“प्रॉमिस,” मी म्हटलं.

ऑगस्टातल्या एका सकाळचं विमान होतं. सून तिला पोचवायला बरोबर जाणार होती. दम्मामच्या विमानतळावर काचेपर्यंतच आम्हाला जाऊ देतात. नातीने मला मिठी मारली, बापाला मारली. बाप म्हणाला, “यल्ला, चल, उशीर होईल.” एवढंच. मी एकही सूचना दिली नाही. जीभ दाताखाली धरून ठेवली. कान झाक म्हणून सांगायचं अगदी ओठांवर आलं होतं.

त्या दोघी रांगेत गेल्या. मी चष्मा पुसून काचेला नाक लावून उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं तर दिसणार नाही, म्हणून येऊ दिलं नाही. या वयात तेवढं जमतं. ती रांगेत पुढे सरकत होती, आईला काहीतरी सांगून हसवत होती. पट्ट्यावर पिशवी ठेवली, बूट काढून ठेवले. एकदा वळून पाहिलं, मी पाहते आहे ना याची खात्री केली, हात हलवला. मग तपासणीच्या चौकटीतून पलीकडे गेली. बूट घालायला खाली वाकली आणि वाकलेलीच राहिली. सून तिच्या पाठीवर हात फिरवायला लागली.

मुलगा माझ्या शेजारी उभा होता, काचेकडे पाठ करून, खिशात हात घालून.

“आई,” तो म्हणाला. “रडली का?”

“हो,” मी म्हटलं. “आता रडते आहे.”

तो सामानाच्या रिकाम्या ढकलगाडीवर बसला, भर वाटेत, लोकांच्या येण्याजाण्याच्या मध्ये.

“बरं झालं,” तो म्हणाला. “बघत राहा तू.”